खिडकी कुठे उघडते?

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या वस्तीत पुनर्विकासाची सभा झाली. विहारासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. बिल्डरच्या माणसाने रंगीत नकाशा भिंतीला लावला आणि माईक हातात घेतला. लोकांनी विचारलेले प्रश्न तुमच्याही वस्तीत विचारले जातात तेच होते. घर किती फुटांचे? भाडे किती महिन्यांचे मिळणार? ट्रान्झिट कॅम्प कुठे? ज्यांचे कागद अपुरे आहेत त्यांचे काय? हे सगळे प्रश्न रास्तच होते आणि ते विचारायलाच हवेत.

सभा उठायच्या बेतात असताना मागे बसलेल्या एका आजींनी हात वर केला.

"साहेब, खिडकी कुठं उघडती ते सांगा."

"आजी, प्रत्येक घराला खिडकी आहे. काळजी करू नका."

"ते दिसतंय मला. पण उघडल्यावर समोर काय?"

माणसाने नकाशाकडे वळून पाहिले. समोर दुसरी इमारत होती. मधले अंतर तीन मीटर.

आजी हा प्रश्न उगाच विचारत नव्हत्या. त्यांची लेक काही वर्षांपूर्वी अशाच एका पुनर्वसन इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायला गेली. पक्के घर मिळाले, आत नळ आला, स्वतःचा संडास आला. पण त्या घरात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. नातवाला क्षयरोग झाला. औषधांनी तो बरा झाला, मात्र त्याचे दहावीचे वर्ष हातचे गेले. "घर मिळालं, पण ऊन गेलं," असे आजी म्हणतात.

आज आरोग्याच्या पानावर आम्ही औषधाविषयी कमी आणि खिडकीविषयी जास्त लिहिणार आहोत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी असोत की घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर, आपल्या समाजाच्या मोठमोठ्या वस्त्यांत पुनर्विकासाचे काम हाती घेतले गेले आहे. लहान वस्त्यांतही संमतीचे कागद फिरत आहेत. नकाशा एकदा मंजूर होऊन इमारत उभी राहिली की भिंती मागे सरकत नाहीत. पुढच्या दोन पिढ्यांनी कोणती हवा घ्यायची ते आजच्या सहीवर ठरते.

मानखुर्द-गोवंडीचा धडा

मुंबईच्या एम-पूर्व विभागात रस्ते आणि रेल्वेच्या कामांमुळे उठवलेल्या कुटुंबांसाठी मोठमोठ्या वसाहती बांधल्या गेल्या. त्यांतल्या लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन वसाहतींची पाहणी 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांसोबत केली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. चार हजारांहून अधिक कुटुंबांना भेटून माहिती घेतली होती.

लल्लूभाई आणि नटवर पारेख या दोन वसाहतींत शंभर कुटुंबांमागे आठ ते दहा कुटुंबांत क्षयरोगाचा रुग्ण आढळला. पीएमजीपी कॉलनीत हे प्रमाण शंभरात एका कुटुंबाच्या आसपास होते. तिन्ही ठिकाणची माणसे कष्टकरीच आणि घरेही लहानच. इमारतींच्या रचनेत मात्र मोठा फरक होता. पहिल्या दोन ठिकाणी उंच इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत, काही ठिकाणी मधले अंतर जेमतेम तीन मीटर. पीएमजीपीच्या इमारती तुलनेने ठेंगण्या असून त्यांच्यामध्ये जागा अधिक आहे. खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा कमी पोचतो आणि तिथे आजाराचा धोका जास्त असतो, असेही या पाहणीत दिसले.

क्षयरोगाला एकच कारण नसते. अपुरे अन्न, एका खोलीत जास्त माणसे, मधुमेह, तंबाखू, दारू, उशिरा झालेले निदान हे सगळे त्यात येते. तरीही हवेचे गणित समजून घ्यायला हवे. क्षयरोगाचा रुग्ण खोकतो तेव्हा जंतू अतिसूक्ष्म कणांतून हवेत जातात. बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात आणि घरातली बाकीची माणसे तीच हवा पुन्हा पुन्हा आत घेतात. वारा खेळता असला की ही हवा बाहेर जाते आणि जंतू विरळ होतात. थेट उन्हाने ते मरतात. म्हणजे ऊन आणि वारा हे दोघे बिनपगारी आरोग्यसेवक आहेत. तीन मीटरच्या फटीत त्यांना येता येत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट घडते, ती नकाशावर दिसत नाही. समोरच्याची खिडकी हाताच्या अंतरावर असली की घरातल्या बाईला अंग धुणे, कपडे बदलणे, बाळाला पाजणे अवघड होते. मग पडदा दिवसभर ओढलेला राहतो. मधल्या फटीत वरून कचरा पडतो, पाणी साचते, उंदीर होतात, वास येतो. मग खिडकीच बंद होते. कागदावर खिडकी असते, प्रत्यक्षात ती भिंत झालेली असते. याचा दोष त्या बाईला देऊन कसे चालेल? खिडकी उघडता येणार नाही अशीच तिची जागा ठरवली होती.

शंभर वर्षांपूर्वीचा मोजमापाचा नियम

घरांमध्ये अंतर हवे ही मागणी काही नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. ती पुण्यातही पोचली आणि रुग्णांची सेवा करता करता क्रांतिज्योती सावित्रीमाई १० मार्च १८९७ रोजी आपल्यातून गेल्या. साथीनंतर १८९८ मध्ये सरकारने मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. बी.आय.टी. चाळी याच ट्रस्टच्या. परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब आणि माता रमाई यांचा संसार झाला. राजगृहात जाण्यापूर्वीची अनेक वर्षे बाबासाहेब तिथेच राहिले.

या ट्रस्टचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. त्याने गरिबांची जितकी घरे पाडली तितकी बांधून दिली नाहीत. पण त्याच्या अभियंत्यांनी एक नियम आणला, तो आपण आजही वापरू शकतो. तो साडेत्रेसष्ट अंशांचा उजेडाचा नियम. अंश-कोन बाजूला ठेवून त्याचा सोपा अर्थ असा: समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मे अंतर मध्ये मोकळे हवे. तेवढे असले तर तळमजल्याच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा दिसतो.

हा हिशेब आजच्या इमारतीला लावून पाहा. सात मजली इमारत साधारण एकवीस मीटर उंच असते. म्हणजे मध्ये साडेदहा मीटर अंतर हवे. तीन मीटर अंतराला हा नियम किती उंची देईल? सहा मीटर, म्हणजे दोन मजले. त्याच जागी आज सात-आठच नव्हे, बारा आणि वीस मजले उभे राहतात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत दिली जाते, म्हणून हे कायद्यात बसते.

त्या काळच्या अधिकाऱ्यांना वाटे की अंधारी, कोंदट घरेच प्लेग पसरवतात. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे नंतर नीट कळले. प्लेगाबाबत त्यांचा अंदाज अर्धवट होता, पण क्षयरोगासाठी त्यांचा नियम आजही लागू पडतो.

तथागतांनी सांगितलेली खिडकी आणि वाट

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात निवासाविषयी एक प्रसंग येतो. भिक्खूंचे विहार अंधारे होते. त्यांत डोळ्यांना त्रास होई आणि दुर्गंधी येई. ही अडचण तथागतांपुढे गेली तेव्हा त्यांनी विहारांना खिडक्या ठेवण्याची अनुज्ञा दिली आणि खिडक्यांचे तीन प्रकारही सांगितले. पालीत खिडकीला 'वातपान' म्हणतात. तथागतांनी ही तक्रार क्षुल्लक म्हणून सोडून दिली नाही, भिक्खूंना सोसायलाही सांगितले नाही. घरातच दुरुस्ती करायला लावली.

दुसरा प्रसंग वैशालीचा. तिथे उपासकांकडून भिक्खूंना गोडधोड, जड भोजन मिळत होते आणि ते आजारी पडू लागले होते. वैद्य जीवकाने हे पाहिले आणि तथागतांना विनंती केली की भिक्खूंना चंक्रमणाची वाट आणि गरम स्नानाची जागा असू द्यावी. तथागतांनी ती मान्य केली. इतका मोठा वैद्य, आणि त्याने औषधाआधी चालायला जागा मागितली.

आज आपल्या वस्तीत मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहे. डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. बाई विचारते, कुठे चालू? खाली गाड्या उभ्या, रस्त्यावर ट्रक, संध्याकाळी दिवे नाहीत. दहाव्या मजल्यावरची म्हातारी माणसे लिफ्ट बंद पडली की आठवडा आठवडा खाली उतरत नाहीत. वस्तीत चंक्रमणाची वाट नसेल तर डॉक्टरांचा सल्ला कागदावरच राहतो.

सही करण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

आज झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत तीनशे चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मिळते आणि योजनेला ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते. म्हणजे आपल्या सहीला किंमत आहे. चौरस फुटांच्या प्रश्नाबरोबर हेही विचारा.

१. दोन इमारतींमध्ये अंतर किती आणि समोरच्या इमारतीची उंची किती? उंचीच्या निम्म्याहून अंतर फारच कमी असेल तर खालच्या मजल्यांवर अंधार येणार, हे सभेत मोठ्याने सांगा.

२. एका घराला खिडक्या किती आणि कोणत्या बाजूंना? एकाच बाजूला खिडकी असली तर वारा आत शिरतो, पण बाहेर पडायला वाट नसते. समोरासमोर किंवा निदान दोन बाजूंना उघडी जागा हवी. मध्ये अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना दारे, यापेक्षा एका बाजूने उघडी गॅलरी केव्हाही बरी.

३. स्वयंपाकघर आणि संडास यांची हवा कुठे जाते? डक्ट किती रुंद आहे, वर आकाशाला उघडा आहे का, तळाशी सफाईसाठी दार आहे का?

४. लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांचे बिल कोण भरणार? देखभालीसाठी सोसायटीच्या नावे किती रक्कम ठेवली जाणार? लिफ्ट बंद पडली तर गरोदर बाईला आणि म्हाताऱ्यांना खाली कसे आणायचे?

५. मोकळी जागा नकाशात नेमकी कुठे आहे? ती आपल्या इमारतींजवळ आहे की विक्रीच्या इमारतीच्या दारात? तिथे गाड्या लागणार का? बालवाडी आणि विहार कुठे? सकाळचे ऊन तिथे येते का?

६. कचरा कुठे टाकायचा आणि गाडी कुठपर्यंत येणार? याची सोय नसेल तर कचरा इमारतींच्या मधल्या फटीतच पडणार.

तोंडी उत्तरावर थांबू नका. मंजूर नकाशाची आणि आशयपत्राची प्रत सोसायटीने लेखी मागावी. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा, हा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. नकाशा वाचता येत नसेल तर वस्तीतल्या इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलामुलींना बसवा. त्यांच्या शिक्षणाचा असा उपयोग वस्तीला व्हायला हवा.

बिल्डर म्हणेल, अंतर वाढवले तर घरे कमी होतील. जागा मोजकी आहे, हे खरे. पण त्याच जमिनीवर विक्रीच्या इमारतीला बगीचा आणि मोकळी हवा आणि आपल्या इमारती मात्र एका कोपऱ्यात खेटून, असे असेल तर जागा कमी नाही, वाटणी असमान आहे. गावकुसाबाहेरची जागा आपण पिढ्यान् पिढ्या भोगली. शहराच्या नकाशात ती पुन्हा आखली जात असेल तर ओळखता आली पाहिजे. संविधानाच्या कलम २१ ने जगण्याचा हक्क दिला आणि कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. उजेड आणि हवा मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

आज जिथे राहतो तिथे काय करता येईल

ज्यांना घरे मिळून गेली आहेत किंवा जे अजून पत्र्याच्या खोलीत आहेत, त्यांनीही हात बांधून बसायचे कारण नाही.

खिडकीपुढचे कपाट, गाद्या, खोकी हलवा. पूर्ण पडद्याऐवजी अर्धा पडदा लावा. खालचा भाग झाकतो, वरून हवा येते. दाराच्या वर झरोका असेल तर तो पुठ्ठ्याने बंद करू नका. दिवसातून दोनदा तरी दार आणि खिडकी एकाच वेळी उघडी ठेवा. पत्र्याच्या खोलीत छताजवळ जाळीचा झरोका काढता येतो. गरम हवा वर चढते आणि तिथून बाहेर पडते. बंद खोलीत रात्रभर डासांची कॉइल जाळू नका, मच्छरदाणी लावा.

इमारतींची मधली फट सोसायटीने साफ करून घ्यावी आणि वरून कचरा टाकणार नाही असा ठराव मजल्या-मजल्यावर बोलून करावा. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचा धोका असतो, तोही यामुळे कमी होतो. पाण्याची पिंपे आठवड्यातून एक दिवस रिकामी करून घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि त्यातून नवा डास व्हायला आठवडाभर पुरतो.

गच्चीला कुलूप असेल तर सकाळ-संध्याकाळ ती उघडण्याची वेळ ठरवा, कठडा नीट आहे ना ते आधी पाहा. म्हाताऱ्यांना ऊन मिळेल, बायकांना चालायला वाट मिळेल.

खोकला लपवू नका

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, वजन घटणे, रात्री घाम, थुंकीतून रक्त, यांतले काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. साध्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नका. सोडले तर औषधांना न जुमानणारा क्षयरोग होऊ शकतो. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करा, लहान मुलांची आधी. रुग्णाच्या पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा एक हजार रुपये बँक खात्यात जमा होतात. नाव नोंदवताना खात्याचा तपशील द्या.

आपल्याकडे मुलीचे लग्न मोडेल म्हणून आजार लपवतात, रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करतात. क्षयरोग ताटा-वाटीतून पसरत नाही. ज्या समाजाने विटाळाच्या नावाखाली वेगळे ताट सोसले, त्याने आपल्याच घरात वेगळे ताट मांडू नये. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली होती, हे आपण मुलांना सांगतो. ते आचरणातही यावे.

आमच्या सभेचे पुढे काय झाले?

त्या रविवारी वंदना झाल्यावर आम्ही विहारातच टेप लावली. तीन मीटर म्हणजे दहा फुटांच्या आत-बाहेर. एका टोकाला एक मुलगा, दुसऱ्या टोकाला दुसरा, असे दोघांना उभे केले. मध्ये आजी उभ्या राहिल्या. "ही तुमची खिडकी आणि ही समोरच्याची," असे म्हणून त्यांनी हात पसरले. सगळे गप्प झाले. ज्या बायका सभेत एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्या बोलू लागल्या. कपडे कुठे वाळवायचे, मुले कुठे खेळणार, मयत झाले तर लिफ्टमधून कसे न्यायचे, एकेक प्रश्न निघाला. आम्ही ते वहीत उतरवले.

सोसायटीने ठराव केला की सुधारित नकाशा आणि अंतराचे लेखी उत्तर मिळेपर्यंत संमतीपत्रे द्यायची नाहीत. काही शेजारी नाराज आहेत. घर लांबणीवर पडेल, ही त्यांची भीती खोटी नाही. पत्र्याखाली आणखी एक उन्हाळा काढणे सोपे नसते. आम्ही त्यांच्याशी बोलत आहोत. नकाशा अजून आलेला नाही.

तुमच्या वस्तीत सभा लागेल तेव्हा एक टेप घेऊन जा. आणि म्हाताऱ्या माणसांना मागे बसवू नका, पुढे बसवा.

नमो बुद्धाय. जय भीम.